वाघाची चाल

“पण सर, सगळे भाग ठणठणीत असताना तो मरतोच कसा?”

मठाच्या पायरीवर उपेंद्र माईणकर उभ्याउभ्याच विचारत होता. अजून बूटही काढले नव्हते.

ओसरीवर सोवनी सर मेथी निवडत बसले होते. एके काळी तंत्रनिकेतनात ते संगणक शिकवायचे. आता नदीकाठच्या या मठात दिवाबत्ती करायची, आणि कुणी एखादं जुनं यंत्र आणलंच तर तेही बघायचं. उपेंद्र त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे इतर कुणाहीपेक्षा उपेंद्रलाच जास्त ठाऊक होतं.

“कोण मरतो?”

“प्रोग्राम. अण्णांचा.”

अण्णा म्हणजे उपेंद्रचे वडील. महिन्यापूर्वी गेले. साठी उलटल्यावर त्यांनी पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकायचा घाट घातला होता आणि वाघ-बकरीचा खेळ लिहिला होता. फोनवर म्हणायचे, “एक गंमत केलीय रे. ये एकदा, दाखवतो.”

उपेंद्र “येतो” म्हणायचा. गेला मात्र नाही.

दहाव्याला शेजारच्या शालूताई म्हणाल्या, “रोज संध्याकाळी चहा घेऊन त्या मशीनपुढे बसायचे हो. हाक मारली तर म्हणायचे, थांबा, उपेंद्राबरोबर डाव मांडलाय.” म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, असं तेव्हा उपेंद्रला वाटलं होतं.

पण ते वाक्य त्याच्या मनातून जाईना. त्याने कॉम्प्युटर आपल्या फ्लॅटवर आणला. तिथे त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. बायको केव्हाच वेगळी राहायला गेली होती. अण्णांनी मागे ठेवलेलं असं ते एकच होतं आणि तेच उघडत नव्हतं.

“काय काय केलंस?” सरांनी विचारलं.

“रॅम बदलली. केबल बदलल्या. डिस्क तपासली. खेळ सुरू केला की एक ओळ येते, शून्याने भागल्यासारखी काहीतरी चूक, आणि बंद.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी प्रोसेसर बदलला. जुना फार रखडत होता हो. चालू होईपर्यंत माणूस चहा करून येईल. त्याच सॉकेटमध्ये बसणारा, चांगला चौपट वेगाचा मिळाला.”

“खेळ उघडून बघितला होतास? जुन्यावर?”

“नाही… म्हटलं, आधी वेग वाढवू, मग निवांत बघू.”

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पण सर तसं काही बोलले नाहीत. त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि उठले.

“आधी जेवू.”

“सर, मला संध्याकाळच्या आत परत…”

“बूट काढ.”

मठात जेवणाआधी कावळ्याचा घास ठेवायची रीत होती. सरांनी कट्ट्यावर दहीभात ठेवला आणि पिंपळाकडे बघत बसले. पानं वाढून झाकून ठेवली होती. कावळ्याने घास उचलल्याशिवाय मठात कुणी जेवत नसे.

कावळा येईना.

उपेंद्रने घड्याळ बघितलं. मग मोबाइल बघितला. मग पुन्हा घड्याळ.

“आज नाहीच आला तर?”

सरांची नजर पिंपळावरच होती.

“नाही, म्हणजे काही पर्याय असेल ना?”

“अण्णांच्या दहाव्याला लगेच आला होता?”

उपेंद्रने मान खाली घातली. घाटावर पिंड ठेवला होता. गुरुजी म्हणाले होते, त्यांची काही इच्छा राहिली असेल, मनात बोला. त्याला काय बोलावं तेच सुचलं नव्हतं. अण्णांना काय हवं होतं, हे खरोखरच त्याला माहीत नव्हतं. आणि विमान गाठायचं होतं.

“दर्भाचा कावळा करून शिववला,” तो म्हणाला. “अर्ध्या तासातच.”

सरांनी नुसतं ‘हं’ केलं.

पिंपळावर दोन कावळे येऊन बसले आणि तसेच बसून राहिले. उपेंद्रला भूक लागली होती, राग येत होता आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी रडू येत होतं. बऱ्याच वेळाने एक कावळा खाली उतरला. इकडे तिकडे बघितलं, एक शीत उचललं, आणखी थोडा भात घेतला आणि उडाला.

“चल,” सर म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर ओसरीवर आणवला आणि झाकण काढलं.

“जुना प्रोसेसर कुठाय?”

“गाडीत… कचऱ्याच्या पिशवीत.”

“आण.”

संत्र्याच्या साली आणि वेफर्सच्या कागदांमधून उपेंद्रने तो शोधून काढला. त्याच्या खालचा पिनेसारखा एक पाय वाकला होता. सरांनी चष्मा वर केला, सुईने तो पाय हळूहळू सरळ केला. मग नवा काढून जुना बसवला. नव्यासाठी हलवलेले, वेग ठरवणारे दोन बारीक जम्पर पूर्वीच्या जागी लावले.

“सर, निदान चूक काय होती ते तरी सांगा. मी हात टेकले.”

“अण्णांच्या प्रोग्रामला मध्ये थांबायचंय. किती थांबायचं ते ठरवायला तो सुरुवातीला मोजून बघतो, हे यंत्र एका क्षणात किती आकडे मोजतं. तुझं यंत्र इतकं भरभर मोजतं, की त्याचं गणित कोसळतं.”

“म्हणजे… वेगामुळे?”

“थांबता येईना, म्हणून गेला.”

कॉम्प्युटर सुरू झाला. रखडत, कुरकुरत. या वेळी उपेंद्रने घड्याळ बघितलं नाही.

खेळ उघडला. काळ्या पडद्यावर रेघांचा पट उमटला. वरती इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द होते. बकऱ्या: अण्णा. वाघ: उपेंद्र.

उपेंद्र बघतच राहिला. लहानपणी देवळाच्या फरशीवर खडूने पट आखायचे, तेव्हा वाघ नेहमी त्यालाच हवा असायचा. अण्णा मुकाट्याने बकऱ्या घ्यायचे.

“मांड,” सर म्हणाले.

उपेंद्रने अण्णांची एक बकरी कोपऱ्यात ठेवली. पटाखाली एक ओळ उमटली. ‘उपेंद्र विचार करतोय.’ पुढे एक टिंब आलं. बऱ्याच वेळाने दुसरं.

“सर, याला एवढा वेळ लागायचं कारणच नाही. वाघाची चाल या जुन्या यंत्रावरसुद्धा पापणी लवायच्या आत निघेल.”

“हो.”

“मग हा थांबतो कशाला?”



तिसरं टिंब आलं.

आणि उपेंद्रला तो थंड होत चाललेला चहा दिसला. त्यामागे अण्णा दिसले, या ओळीकडे बघत बसलेले, रोज संध्याकाळी. आयुष्यात इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं. ते सहन होईना, म्हणून की निव्वळ सवयीने कोण जाणे, पण त्याचा हात की-बोर्डकडे गेला. एखादी कळ दाबून ही ओळ पुढे सरकावी…

सरांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. तू विचार करतोयस.”