ऐनाची जमीन

“...मग तुम्हीच सांगा अक्का, एका अंगणात बापाची कामाची एक पडवी आणि लेकाची दुसरी, हे शोभतं का?”

विश्राम मेस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. आंबोलीच्या त्या लहानशा आश्रमात, ध्यानाच्या खोलीला ते ऐनाच्या फळ्यांची जमीन करत होते. आश्रम चालवणाऱ्या वृद्ध अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“तुझा उदय काय म्हणतो?”

“त्याला माझ्यापासून वेगळं, स्वतःचं सुतारकाम करायचंय. पडवी दिली नाही तर घर सोडतो म्हणतो... उद्या तो तुमच्या पाया पडायला येईल. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. एवढंच सांगा त्याला, बापाच्या हाताखाली राहा.”

अक्कांनी शेजारच्या फळीवर हात फिरवला.

“लाकूड चांगलं आहे रे.”

मेस्त्रींचा चेहरा खुलला.

“ऐन आहे, अक्का. सागापेक्षा जड. सरळ ठोकलात तर खिळाच वाकतो, आधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं. माणसांचे पाय झिजतील, ही जमीन नाही झिजायची.”

“उदयसारखं आहे म्हणजे.”

“माझ्यासारखं म्हणा.” मेस्त्री हसले. “आडमुठा आहे, पण लाकूड माझंच.”

अक्का वाकल्या. दोन फळ्यांमध्ये अंतर राहावं म्हणून घातलेली लाकडाची बारीक चीप त्यांनी ओढून काढली. मग पुढचीही.

“अहो, काय करताय?”

“फटी दिसतात. फळ्या घट्ट भिडव.”

“नाही चालणार. इथला पाऊस मी तुम्हाला सांगायचा? लाकूड फुगतं. जागा नाही मिळाली की फळ्या एकमेकींना रेटतात. सगळी जमीन वर येईल.”

“इतकं मजबूत लाकूड असून?”

“मजबूत आहे म्हणूनच, अक्का. मऊ लाकूड दबून घेतं. हे दोन्हीकडून दबत नाही, मग...”

हातोड्याकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

खिडकीतून धुकं आत येत होतं.

“उद्या...” मेस्त्रींचा आवाज उतरला होता. “उद्या त्याला काय सांगाल?”

अक्कांनी एक चीप फटीत परत बसवली. दुसरी मेस्त्रींच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं हलकेच मिटली.

“ही घरी ने. पाऊस जवळ आलाय.”