म्हाळू नाकेदाराचा चोख पहारा

नदीकाठच्या एका गावात म्हाळू नावाचा भोळा नाकेदार होता. भोळा आपलं म्हणायला. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा चाळण घेऊन गेला होता.

नदीपलीकडे परमुलूख. मीठ तिकडून, लांब समुद्राकाठून यायचं आणि त्याला चांदीचे रुपये मोजावे लागायचे. इकडचे विणकर पलीकडच्या जत्रेत घोंगड्या विकून ते रुपये आणत, तेव्हा कुठे कालवणाला चव यायची. पण रंगशेट सावकाराला पलीकडे आंबराया घ्यायचा नाद लागला आणि राज्यातली चांदी आटत चालली. दिवाणजींनी हुकूम काढला, "पलीकडे जाताना माणशी पाच रुपये न्यावेत. जास्त नाही."

दुसऱ्याच दिवशी रंगशेट दोनशे मजूर घेऊन हजर. प्रत्येकाच्या कनवटीला पाच रुपये. म्हाळूनं दोनशे वेळा पाच मोजले आणि सगळ्यांना नावेत बसवलं.

दिवाणजी कडाडले, "गाढवा, ते सगळे रंगशेटचे होते! रुपये कुणाचे ते विचारायचं. दुसऱ्याचे असले तर अडवायचं."

"बरं सरकार."

मग मीठ आणायला सरकारी कारकून निघाला.

"रुपये कुणाचे?"

"सरकारचे."

"म्हंजी तुमचे न्हाईत. फिरा मागं."

महिनाभर गाव अळणी जेवलं. म्हाळूच्या बायकोनं ताट आपटलं, "घ्या, तुमचा पहारा लावा तोंडी!"

दिवाणजी म्हणाले, "अरे शंखा, काही आणायला जाणाऱ्याला अडवू नये!"

"बरं सरकार."

रंगशेट आला. या खेपेला गाडीभर पोती, पोत्यांत चांदी.

"शेट, काय आणाया निगाला?"

"आंबे."

"मग जावा की!"

रंगशेटनं पाटीभर आंबे आणले आणि तिकडे आणखी दोन आंबराया घेतल्या. म्हाळूला एक आंबा मिळाला. तोही नासका.

खजिना रिकामा झाला. आता मीठ मिळायचं तर विणकर जत्रेहून परततील तेव्हा. दिवाणजींच्या शहाणपणाचाही तळ दिसला. ते ओरडले, "काही विचारू नकोस! एकही रुपया नदी ओलांडता कामा नये. ओलांडला तर मुंडकं उडवीन!"

"बरं सरकार."

आठ दिवसांनी विणकर आले. वर्षाची कमाई, तीन हजार रुपये, नावेत. म्हाळूनं काठी आडवी धरली.

म्हातारा बिराप्पा विणकर रडकुंडीला आला, "आरं, आमी रुपये न्हेत न्हाई, घिऊन आलोय!"

"एकबी रुपया नदी वलांडनार न्हाई. नाव फिरवा."

दिवाणजी धावत आले तोवर नाव पलीकडे पोचून रिकामीही झालेली.

"रुपये कुठं आहेत, म्हाळू?"

"सुखरूप हायेत सरकार. रंगशेटच्या काठावरल्या आंबराईत ठेवाया लावले. शेट तितंच हुता, आपलाच मानूस."

"आणि विणकर?"

"त्येबी तितंच. आपले रुपये मागाया लागले, तवा म्या शेटला हितनंच वरडून बजावलं," म्हाळूनं छाती फुगवली, "हुकूम हाय, मानशी पाच. जास्त न्हाई!"