कुरणाचा जुना ट्रॅक्टर

फार मागे, गावांना नावे कमी आणि गवताला नावे जास्त होती, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा ट्रॅक्टर होते का, असे कुणी विचारील. होते असे धरून चला. गोष्टीत बैल बोलतो, तर ट्रॅक्टर असायला काय हरकत आहे?

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठे कुरण होते. त्याचा मालक एक तरुण माणूस होता. आईवडील वारलेले, लग्न व्हायचे होते. घरात तो एकटा, आणि गोठ्यात एक म्हातारा बैल, एक गाय आणि तिची कालवड. त्याला एकच बहीण होती, थोरली. तिला तो आक्का म्हणे. ती नदीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर नांदत होती.

तरुण भारी बुजरा होता. चार माणसांत बोलायचे म्हटले की त्याची नजर पायाच्या अंगठ्यावर जाई. आक्काजवळ मात्र तो भरभरून बोले.

त्या मुलखात एक रीत होती. कुरण पिकून पिवळे झाले की भावाने मूठभर गवताची जुडी बांधून बहिणीच्या सासरी पाठवायची. जुडी दारात आली की सासूने सुनेला पाठवलेच पाहिजे. सणाला अडवता येई, लग्नकार्याला अडवता येई. गवताला अडवता येत नसे. जनावराच्या तोंडचा घास कुणी अडवायचा नाही, असे जुनी माणसे सांगून गेली होती. शेवटची गंजी रचून होईपर्यंत सून माहेरी राही.

म्हणून दर वर्षी आक्का वीस दिवस यायची. दोघे शेजारी शेजारी आपापली पात, म्हणजे कापायचा पट्टा, धरायचे आणि विळे चालवत पुढे सरकायचे. हात कामात असत, डोळे गवतात असत, आणि तोंडे मोकळी असत. वर्षभराचे सगळे बोलणे त्या वीस दिवसांत होई. उरलेले वर्ष तरुण पुढच्या बोलण्याची बेगमी करी. गाय व्याली की तो मनात म्हणे, हे आक्काला सांगायचे. भाकरी करपली की म्हणे, हेही सांगायचे.

एका वर्षी कापता कापता आक्का मधेच खाली बसली. तिचे हात गवताच्या पात्यांनी चरचर कापले होते.

"काय झालं गं आक्का?"

"काही नाही रे. कंबर बोलायला लागली माझी. तुझ्यापेक्षा जास्त बोलते आता."

ती हसली, पण उठताना तिने जमिनीला हात टेकला. तरुणाच्या काळजात ते रुतले. त्याने ठरवले, पुढच्या वर्षी आक्काच्या हातात विळा द्यायचा नाही. तिने बाजेवर बसायचे, आपण तिला करून घालायचे आणि दिवसभर बोलायचे.

बाजाराच्या गावी एका म्हाताऱ्याकडे गवत कापायचा ट्रॅक्टर होता. त्याच्या कुरणाची शेते झाली होती, त्यामुळे ट्रॅक्टर छपराखाली उभा होता. रंग उडालेला, एका बाजूला दात असलेले लांब पाते, आणि बसायच्या जागेवर गोणपाट. कालवड दोरीला धरून तरुण तिथे गेला.

"किती जुना आहे, आजोबा?"

"माझ्या मिशा काळ्या होत्या तेव्हाचा."

"चालतो का?"

"पेट्रोल पितो. रॉकेल पाजलंस तर खोकतो. सकाळी जरा रुसतो. पुढचं हँडल चारदा फिरवायचं, आणि पाचव्यांदा एक शिवी हासडायची."

"मला शिवी येत नाही."

म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मग सहादा फिरव," तो म्हणाला.

कालवड देऊन तरुणाने ट्रॅक्टर घेतला. निघताना म्हाताऱ्याने त्याच्या पुढच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि पाठ फिरवून घरात गेला. घरी गोठ्यापाशी ट्रॅक्टर उभा राहिला, तेव्हा बैलाने मान वर केली.

"हा कोण?"

"हा आता कुरण कापील. तू आराम कर."

"हा गवत खातो का?"

"नाही."

"खात नाही आणि कापतो," बैल म्हणाला. "नवलाचा प्राणी आहे."

गवत पिकले. सहादा हँडल फिरले, ट्रॅक्टर थरथरला आणि निळा धूर सोडत कुरणात शिरला. वीस दिवसांचे काम तीन दिवसांत झाले. पुढचे आठ दिवस तरुणाने एकट्याने गवत गोळा केले आणि गंज्या रचल्या. कापसाच्या नव्या दोरीने त्याने बाज विणली. गूळ आणला. मग गावोगाव बांगड्या विकणाऱ्या कासारणीजवळ जुडी दिली आणि निरोप दिला, "आक्काला म्हणावं, गवत कापून झालंय. या वेळी विळा आणू नकोस. नुसती ये."

एवढे बोलतानाही त्याचे कान लाल झाले होते.

तो वाट पाहू लागला. चौथ्या दिवशी त्याने अंगण सारवले. सहाव्या दिवशी परत सारवले. नवव्या दिवशी वाटेवर माणूस दिसले. ती एकटी कासारीण होती, आणि तिच्या हातात जुडी तशीच होती.

"सासू म्हणाली, गवत कापलंय ना? मग येऊन काय करायचं? जनावराचा घास अडला असता तर लगेच पाठवली असती."

"आणि आक्का?"

"तिनं जुडी हातात घेतली, हुंगली आणि मला परत दिली. मग विचारलं, ट्रॅक्टर चांगला चालतो ना?"

त्या रात्रीपासून तरुण नव्या बाजेवर निजला नाही, खालीच निजला.

ते वर्ष फार लांबले. गाय व्याली, वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. सांगायचे कुणाला? विहिरीला पाणी वाढले, डोंगरावरून कोल्हा उतरला, वाऱ्याने दाराची फळी निखळली. मनातली बेगमी वाढत गेली आणि तिला उतरवायला जागा नव्हती. कधी तो मोकळ्या कुरणात उभा राही आणि उजवीकडे वळून बघे. उजवीकडे आक्काची पात असायची.

पुन्हा गवत पिकले. तरुणाने एक युक्ती केली. ट्रॅक्टर गोणपाटाने झाकला, कुरण उभे ठेवले आणि जुडीबरोबर निरोप पाठवला, "यंत्र बिघडलंय. गवत वाळून चाललंय. हात हवेत."

या वेळी उत्तर चौथ्याच दिवशी आले. अंगणात दोन धिप्पाड गडी येऊन उभे राहिले, खांद्यावर विळे आणि तोंडभर हसू. एक आक्काचा नवरा आणि दुसरा तिचा दीर.

"दाजी, तुम्ही?"

"आई म्हणाली, सुनेची कंबर दुखते, तिला कशाला पाठवायची? हातच हवेत ना, मग तुम्ही जा. घ्या पाव्हणं, चार हात आणलेत!"

त्यांनी सहा दिवसांत कुरण साफ केले. ताटात भाकरी पडताच संपे. सहा दिवस त्यांनी बैलांच्या, कुस्त्यांच्या आणि बाजाराच्या गोष्टी केल्या. तरुण अंगठ्याकडे पाहत "हो, हो" म्हणत राहिला. जाताना दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"कधीही निरोप धाडा. हात कमी पडू देणार नाही."

ते वळणाआड गेले तसा तरुण गोठ्यात येऊन बसला.

"आक्का आली नाही," तो म्हणाला.

"तू बोलावलीस कुठं?" बैल म्हणाला.

"दोनदा जुडी पाठवली!"

"पहिल्यांदा म्हणालास, काम झालं. दुसऱ्यांदा म्हणालास, हात हवेत. हात आले. नांगराला बैल हवा म्हणून निरोप धाडला, तर कुणी मांडीवर घ्यायला वासरू पाठवील का?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"ते मला काय विचारतोस? मी गवत खाणारा. पण इतकी वर्षं तुम्हाला ऐकतोय. तुझ्या पोटात जे आहे, त्यात गवताची एक काडी नाही."

दुसऱ्या दिवशी तरुणाने ट्रॅक्टरवरचे गोणपाट काढले. हँडल सहादा फिरवले. कापायचे पाते सोडून घरात ठेवले आणि रिकाम्या हाताने नदीची वाट धरली.

ट्रॅक्टर वेशीबाहेर उभा करून तो आक्काच्या सासरी पोचला, तेव्हा अंगणात सासू तूर पाखडत होती. म्हातारी खणखणीत होती. आक्का आत चुलीपाशी होती. भावाचा आवाज ऐकून ती दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. त्या घरात सासूच्या आधी कुणी बोलत नसे.

"ये पोरा," सासू म्हणाली. "पोरांनी कापलं ना सगळं? की राहिलं काही?"

"राहिलं नाही, मावशी."

"मग यंत्र पुन्हा बिघडलं?"

"यंत्र बिघडलंच नव्हतं. मी खोटं बोललो."

सुपातले हात थांबले. तरुणाची नजर अंगठ्याकडे निघाली होती. त्याने ती मोठ्या कष्टाने वर आणली.

"मला गवतासाठी कुणी नको, मावशी. मला आक्का हवी. मला तिची आठवण येते. घरात बोलायला कुणी नाही. वर्षभराचं साठतं आणि तसंच राहतं."

दारातल्या आक्काने पदर तोंडाशी नेला.

म्हातारीने सूप खाली ठेवले. "दहा वर्षं तुझी जुडी येते," ती म्हणाली. "दहा वर्षं मी म्हणते, भाऊ भारी कामाचा, बहिणीला मजुरासारखं राबवून घेतो. हिचे कापलेले हात बघून मला तुझा राग यायचा, ठाऊक आहे? म्हणून यंत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं, सुटली पोर. तुला हात नकोत, माणूस हवं, हे एकदा तरी सांगायचं होतंस!"

"लाज वाटली."

"लाज! आणि तू गं?" म्हातारी दाराकडे वळली. "तुला तोंड नव्हतं?"

"मला वाटलं, यंत्र आलं, आता त्याला माझी गरज नाही," आक्का म्हणाली.

"शाबास. दोघंही एकाच माळेचे मणी." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "जा, लुगडी बांध. पण आठ दिवस. माझ्याही घरात तुझ्यावाचून चूल पेटत नाही. हे मी पण आजवर कधी बोलले नाही, ते आज बोलून टाकते."

आक्का चाकावरच्या पत्र्यावर बोचके घेऊन बसली आणि ट्रॅक्टर परत निघाला. वाटेत तो इतका खडखडत होता की ती काय म्हणते ते त्याला ऐकू येईना आणि तो काय म्हणतो ते तिला. नदी ओलांडल्यावर, भर माळावर, तरुणाने ट्रॅक्टर बंद केला. सगळीकडे शांत झाले.

"काय रे, बिघडला?"

"नाही. आक्का, तुझी आठवण येत होती."

"एवढं सांगायला बंद केलास?"

"हो."

आक्काने मांडीवरचे बोचके बाजूला ठेवले. "मग लगेच चालू करू नकोस," ती म्हणाली.

मधले एक वर्ष त्यांचे वाया गेले होते, ते काही परत आले नाही. पण त्यानंतर आक्का दर वर्षी आली, कधी आठ दिवस, कधी पंधरा, गवत उभे असो की कापलेले. आणि कुरण ट्रॅक्टरच कापत राहिला.

तात्पर्य: ज्याची ओढ आहे त्याला तसे सांगूनच बोलवावे, कामाचे निमित्त करून बोलावलेले माणूस काम सरताच अंतरते.