जित्या विहिरींचं तेरावं

धोंडपूरच्या वेशीला अजून दरवाजे होते आणि दिवेलागणीला ते बंद व्हायचे, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. शहर तेव्हाही असंच कातळावर बसलेलं होतं, आणि शहरातले वडीलधारे तेव्हाही असेच स्वतःवर खूश होते.

शहराला चार विहिरी होत्या. नदीकाठची वाळूविहीर, साळी पेठेतला साळीआड, कासार पेठेतला कासारआड, आणि देवळामागचा सगळ्यात खोल तो आज्याचा आड. या चारींचा गाळ दर वैशाखात काढायची तिम्मव्वा वडारीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सोबतीला एक नणंद, दुर्गव्वा. दुर्गव्वा वर दोर धरायची, तिम्मव्वा खाली उतरायची. असं म्हणतात, की ती कातळाला कान लावायची आणि पाणी किती खोल आहे ते सांगायची. घोटभर पाणी तोंडात धरायची आणि ते कोणत्या सालच्या पावसाचं आहे तेही सांगायची. वाळूविहिरीत यंदाचा पाऊस. साळीआड नि कासारआडात चार-सहा वर्षांमागचा. आणि आज्याच्या आडात आज्याच्या वेळचा, म्हणूनच त्याचं ते नाव. हे तिनं पुष्कळांना सांगितलं होतं. पण गाळाच्या पाटीखालून आलेलं शहाणपण पागोट्याखाली शिरत नाही.

मग शहरानं तळं बांधलं. डोंगरातल्या ओढ्याला बांध घातला आणि खापरी नळातून पाणी थेट चौकातल्या हौदात आणलं. काम चांगलंच होतं. तिम्मव्वानंही त्या बांधावर माती वाहिली होती. पहिल्याच पावसात तळं भरलं आणि पुढच्या वैशाखातही आटलं नाही. तिथंच म्हाताऱ्यांची डोकी फिरली.

तुळाजीराव देशमुख हे शहरातले सगळ्यात मोठे. त्यांनी पंच बोलावले आणि ठरवलं, की आता विहिरी कशाला. दोर ओढा, गाळ काढा, पोरं पडतात ती वेगळीच. बुजवाव्यात. पण विहीर बुजवणं म्हणजे पाप, आणि पापाला हे लोक फार भ्यायचे; मूर्खपणाला नाही भ्यायचे. तेव्हा कुणीतरी तोड काढली. विहिरी मेल्या असं समजायचं. रीतसर सुतक धरायचं आणि तेराव्याला गाव जेवू घालायचं. मेलेल्याला पुरायला कसलं पाप?

हसू नका, हे खरंच केलं त्यांनी. बारा दिवस एकाही विहिरीत कुणी दोर सोडला नाही. वैशाख वद्य त्रयोदशीला कासारआडाच्या काठावर पंगती बसल्या. लापशी केली होती, वर तुपाची धार होती. सगळं शहर जेवलं. वडारांची पंगत नेहमीप्रमाणे शेवटची, उकिरड्याच्या अंगाला. पानं वाढून झाली, तरी तिम्मव्वा उभीच.

देशमुख म्हणाले, "बस की गं. तुझ्यासाठी काय पाट मांडायचा?"

तिम्मव्वा म्हणाली, "जित्याचं तेरावं मी जेवत न्हाई, मालक."

पंगतीत हशा पिकला. देशमुखांनी विचारलं, विहीर कधी जिती असते का. तिम्मव्वानं एक खडा उचलला आणि आडात टाकला. सगळ्या पंगतीला डुबुक ऐकू आलं.

"ऐका. बोलतीया."

एक म्हातारे पंच म्हणाले, "आमची आईही बोलते. म्हणून तिला पाणी भरायला लावतो का आम्ही?" पुन्हा हशा.

पण देशमुखांना हसू आलं नाही. भरल्या पंगतीत एका वडारणीनं पान नाकारलं होतं. त्यांनी तिला वाळीत टाकलं. कुणी तिला विस्तव द्यायचा नाही, काम द्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. सुटका फार सोपी ठेवली होती: विहिरींच्या तेराव्याचा एक घास खा आणि परत ये.

आता राहिलं बुजवायचं काम. त्याला कुणीच हात लावेना. तेरावं जेवलेले सगळे शूर, पण पहिली पाटी टाकायची म्हटली की प्रत्येकाला घरी काहीतरी आठवायचं. शेवटी पंचांनी ठरवलं, की वाळीत टाकलेलीलाच सांगावं. तिला आणखी पाप लागून लागणार किती? निरोप गेला. दुर्गव्वाला वाटलं, ही आता पहार घेऊन पंचांच्या अंगावर जाते. तिम्मव्वा मात्र म्हणाली, बरं.

तिनं चारी विहिरी पुरल्या. म्हणजे कशा? काठावर सागवानी तुळया टाकल्या, तुळयांवर कातळाच्या शिळा बसवल्या, शिळांवर हातभर माती. वडाराला दगड हलवणं काय अवघड? प्रत्येक विहिरीला मनगटाएवढं एक भोक ठेवलं, श्वासासाठी. आणि एक शिळा सैल, तिच्यावर माती नुसती भुरभुरलेली. देशमुखांनी येऊन पाहिलं, वरची माती काठीनं ठोकली आणि समाधानानं परत गेले. खाली वाकून कोण बघतं? वाकायची त्या घराण्याला सवयच नव्हती.

असं म्हणतात, की त्यानंतर बारा वर्षं तिम्मव्वा रोज भर दुपारी विहिरीत उतरायची. दुपारीच का? कारण शहरातले सगळे कर्ते-सवरते तेव्हा घोरत असत. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं हा त्यांचा धर्म, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. ते झोपायचे आणि ती सैल शिळा सरकवायची, गाळ काढायची, झरे मोकळे करायची. गाळ वेशीबाहेर टाकायची. त्याची टेकडी झाली. कुणी विचारलंच तर दुर्गव्वा सांगायची, आमचं सुतक अजून फिटलं नाही, मातीच टाकतोय. वेशीबाहेरचा विस्तव, वेशीबाहेरची भाकरी, आणि तरी ज्यांनी वाळीत टाकलं त्यांचंच पाणी ती राखत होती. एक घास खाल्ला असता तर सगळं मिटलं असतं. तिनं खाल्ला नाही. गुडघे गेले, केस पिकले, तरी नाही.

तेराव्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तळ्याला भेगा पडल्या. खापरी नळातून पाण्याऐवजी शिट्टीसारखा वारा येऊ लागला. वडीलधाऱ्यांनी यज्ञ केला, देव गाभाऱ्यात कोंडला, सुनांच्या पायगुणावर खापर फोडलं. स्वतःचं नाव तेवढं कुणी घेतलं नाही. वैशाखात शहर सोडायचं ठरलं. गाड्या भरल्या, बैल जुंपले.

आणि बैल वेशीबाहेर पडेनात. वेशीपाशी गाड्या वळल्या आणि कासार पेठेकडे चालू लागल्या. असं म्हणतात, की शंभर गाड्यांचे बैल त्या मातीच्या ढिगाभोवती गोल उभे राहिले आणि श्वासाच्या भोकाशी नाकं नेऊन हुंगू लागले. इतकी वर्षं शहरातल्या एकाही शहाण्याला जे कळलं नाही, ते बैलांना कळलं.

तुळाजीराव देशमुख आता ऐंशीचे होते. आयुष्यात पहिल्यांदा ते भर दुपारी घराबाहेर पडले, तिम्मव्वाच्या झोपडीशी आले आणि म्हणाले, "बाई, विहिरी खरंच पुरल्यास का गं?"

तिम्मव्वा त्यांना कासारआडाशी घेऊन गेली आणि भोकाला कान लावायला सांगितलं. त्यासाठी त्यांना गुडघे टेकावे लागले, पागोटं काढून मातीत ठेवावं लागलं. तिनं खडा टाकला. देशमुखांनी ऐकलं.

गुडघ्यांवरूनच त्यांनी विचारलं, आता काय करू.

"आधी तुमी उतरा," तिम्मव्वा म्हणाली. "तेरावं तुमी घातलंसा. आता खाली जाऊन बघा, मेलीया का जितीया."

शिळा सरकली तेव्हा आतून असा उसासा आला, की सगळ्या पेठेतली धूळ उडाली आणि बायकांचे पदर ओले झाले, असं म्हणतात. दुर्गव्वानं दोर धरला. ऐंशी वर्षांचा देशमुख दोराला लोंबत खाली गेला. खालून म्हाताऱ्याचा रडका आवाज आला, "जिती आहे." मग गाळाची पहिली पाटी त्यानं स्वतः भरली, आणि त्याच्यामागून एकेक पंच उतरला.

आता पुढचं ऐका, कारण खरी तिम्मव्वा इथं दिसते. पाणी दिसताच पंच पुन्हा पंचासारखे वागू लागले. म्हणाले, चारी विहिरी आजच उघड. तिम्मव्वा आज्याच्या आडाच्या शिळेवर जाऊन बसली.

"हे पाणी तुमच्या आज्यानं ठेवलं. तुमी आज पिऊन टाकलंसा, तर नातवानं काय प्यावं? तुमचं नाव?"

तिनं पाळी लावली. आधी वाळूविहीर, ती दमली की साळीआड, मग कासारआड. एक वापरायची तेव्हा बाकीच्यांना विसावा. तिसरा पावसाळाही कोरडा गेला, तेव्हाच तिनं आज्याचा आड उघडला, तोही माणशी एक घागर. पुढच्या मृगात पाऊस आला. शहरातलं एकही घर उठलं नाही, एकही गोठा रिकामा झाला नाही. चिडलेली तरुण पोरं कुदळी घेऊन तळ्याचा बांध फोडायला निघाली, तेव्हा तिनंच त्यांना अडवलं. तळ्यानं कुणाचं घोडं मारलंय, म्हणाली; एकट्याच्या डोक्यावर सगळ्या शहराचं ओझं दिलं, त्यात त्याचा काय दोष? तळ्यालाही तिनं पाळीत घेतलं.

काही म्हातारे सांगतात, की तिनं आज्याच्या आडात उडी घेतली, जीव दिला, म्हणून पाणी लागलं. साफ खोटं. बाईनं जीव दिला असं सांगितलं की हात जोडून मोकळं होता येतं. बाईनं बारा वर्षं गाळ काढला असं सांगितलं तर उतरावं लागतं. तिम्मव्वा म्हातारी होऊन, गुडघ्यांना तेल चोळत, आपल्या अंथरुणात गेली. माझं तेरावं घालू नका, एवढं सांगून गेली.

ते शहरानं पाळलं. आजही वैशाख वद्य त्रयोदशीला धोंडपुरात नळाचं पाणी बंद असतं. आता तळ्याऐवजी धरण आहे, खापरी नळाऐवजी लोखंडी. तरी त्या दिवशी मोठा व्हॉल्व्ह फिरवतात आणि सगळं शहर विहिरींचं पाणी पितं. कासारआडाच्या काठावर लापशी शिजते, पानं वाढतात, तुपाची धार पडते, आणि कुणी घासाला हात लावत नाही. शहरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं, मग तो कुणी का असेना, आधी आडात उतरायचं आणि गाळाची पहिली पाटी भरायची. गुडघे दुखतात म्हणणाऱ्याला सांगतात, तिम्मव्वाचेही दुखायचे.

काठावरून एक पोरगी खडा टाकते. पंगती गप्प होतात. मग खालून, चिखलातून, म्हाताऱ्याचा आवाज येतो, "जिती आहे."

तेव्हा कुठं शहर पहिला घास घेतं.