मिठाचा उपसा

“रोज बाहेर काढलेला राग रोज परत येत असेल, तर तो काढायचाच कशाला?”

उकिडवे सरांनी मठाच्या केशवबुवांपुढे आपली भरलेली पिशवी आदळली.

जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून, आपल्याला सगळं कळतं या तोऱ्यात सर मठात आले होते. त्यांच्या तापट जिभेपायी एकुलती एक मुलगी दुरावली होती, म्हणून राग घालवायला ते इथे राहिले होते. तीच रेवती आज दुपारच्या एसटीने भेटायला यायची होती. आणि सकाळीच सरांनी भाजी खारट झाली म्हणून गणबा आचाऱ्याच्या अंगावर ताट भिरकावलं होतं! लाजेने त्यांचा जीव अर्धा झाला होता. पोरगी यायच्या आत इथून तोंड काळं करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

“जा,” बुवा म्हणाले. “पण रिवाज पाळून जा.”

मठ सोडणाऱ्याने आपल्याला येणारी एक गोष्ट बुवांना शिकवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, असा तिथला रिवाज होता.

“पेशी शिकवतो,” सर गुरगुरले. “तिच्याभोवती पातळ पडदा असतो. बाहेर मिठातला सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पडद्यातले पंप तीन सोडियम बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत घेतात.”

“म्हणजे काम झालं.”

“कसलं होतंय! सोडियम पुन्हा आत झिरपतो. पुन्हा उपसा.”

“किती दिवस?”

“जिवंत असेपर्यंत. खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा त्यातच जातो.”

“अरेरे...” बुवांनी कपाळाला हात लावला. “फुकटची हमाली! पेशी अगदीच मूर्ख की रे तुझी.”

सरांचा पारा चढला.

“मूर्ख? अहो, तिच्या उपशावर तर सगळं चाललंय! आतबाहेर फरक राखलाय, म्हणून पडद्यातली दारं उघडली की सोडियम आत धावतो आणि मज्जातंतूतून संदेश सुटतो. काळीज त्यावर चालतं! उपसा थांबला, आतबाहेर सारखं झालं, की...”

“की शांती?”

“की मरण!”

बोलून गेले, आणि सरांनी आपल्या पिशवीकडे पाहिलं.

...

बुवांनी पुढे वाकून त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

“आई गं!”

सरांची मूठ वर गेली. तिथेच थांबली. आणि हळूहळू उघडली.

सर त्या उघड्या तळहाताकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहू लागले. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“बाबा?” फाटकातून हाक आली.

सर अनवाणीच धावले. वाटेत गणबा दिसला, त्याला कडकडून मिठी मारली. तो बिचारा भांबावून गेला. फाटकाशी पोचता पोचता मात्र सरांचे पाय अडखळले. त्यांनी वळून ओरडून विचारलं,

“बुवा, उद्या राग परत आला तर?”

“येणारच की! तू मेलायस थोडाच?”