ओसरीवरचा मलिदा

खाडीकाठच्या एका गावात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू तेल्यांची दहा घरं होती. शनिवारी त्यांचा घाणा बंद, बैलालाही सुट्टी; म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागत. घरटी एक धरून ते कसेबसे भरत.

अकरावं घर सुताराचं. त्याचा बाप त्यांच्यातलाच, पण आई परजातीची, म्हणून त्याला कोणी मोजत नसे. त्याचं कुटुंब प्रार्थनाघराच्या ओसरीवर बसे. सणाला वाटायचा गोड मलिदासुद्धा त्यांना वेगळ्या ताटलीत मिळे.

त्या वर्षी सणाला मलिद्याचं मोठं ताट आणायचा मान एका तेल्याच्या लाजऱ्या मुलीला, मिल्काला मिळाला. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, केळी. मिल्काच्या घरची एक रीत होती. ताट एकच मांडायचं, आणि पाहुणा असो की गाडीवान, सगळे भोवती बसल्याशिवाय बाबा आशीर्वाद म्हणायचे नाहीत.

ताट आणताना तिला सुताराची धाकटी दिसली. रिकामी ताटली मांडीवर धरून ती मान उंच करकरून आत बघत होती. मिल्काचे पाय थबकले. तिनं ताट तिथंच, ओसरीवर ठेवलं.

“अगं ए, वाट विसरलीस की काय? आत आण!” प्रार्थनाघराचे प्रमुख, मुकादम, आतून ओरडले.

मिल्का ताटापाशीच बसली. “मुकादमकाका, आमच्याकडे सगळे एकाच ताटाभोवती बसतात. आणि… इथं सगळे मावतील.”

“हे काय तुझ्या बापाचं स्वयंपाकघर आहे? मी उठून गेलो ना, तर दहा भरायचे नाहीत. मग बघतो कशी होते प्रार्थना!”

मिल्काला वाटलं, आपल्यापायी आज सण मोडणार.

तेवढ्यात बाबा उठले आणि तिच्याशेजारी येऊन मांडी घालून बसले. मागोमाग दुसरे आले, तिसरे आले. “सरका रे जरा, माझे गुडघे वळत नाहीत,” म्हणत सर्वांत म्हातारे आजोबाही टेकले. आत एकटे मुकादम उरले.

बाबांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोजलं. “दहा झालो! मुकादम, तुम्ही आलात तर अकरा होऊ.”

मुकादम बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग हळूच बाहेर आले. सुतारानं सरकून त्यांना जागा दिली.

त्या दिवशीचं ‘आमेन’ खाडीतल्या होडीवाल्यांनाही ऐकू गेलं.

तात्पर्य: घरी शिकलेली माणुसकी चारचौघांत पाळायचं धाडस एकानं केलं, तरी सगळा समाज मोठा होतो.