कुंभळमाथ्याच्या भट्टीत अंडं का जात नाही

बसा इथं पायरीवर, पण भिंतीला टेकू नका. कपड्यांना आंबूस वास लागतो आणि मग लोक मला बोलतात. भट्टीच्या भिंतीवर हे पांढरट ओघळ दिसतात ना, ते चुन्याचे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर आंबट ताक फेकलं गेलं आहे, आणि फेकणाऱ्या सगळ्या बायका आमच्या घरातल्या. आज खंडेनवमी. पावसाळाभर थंड असलेली भट्टी आज पेटायची आहे. आतल्या लाकडी काथवटीत पीठ काढून ठेवलं आहे आणि सगळा गाव माझी वाट बघतो आहे. बघू दे.

तुम्ही शहरातली माणसं इथं येता, दारावरची पाटी वाचता, ‘अंडे वर्ज्य, शुद्ध शाकाहारी केक व नानकटाई’, आणि लगेच चपला काढता. मागं एका बाईनं तर भट्टीला हळदकुंकू वाहिलं. मला हसू येतं आणि रागही येतो. कुंभळमाथ्याला अंड्याचं सोवळं कधीच नव्हतं. आम्ही भैरोबाला कोंबडा देतो, पाहुणा आला की अंड्याचा रस्सा करतो. या एका भट्टीत तेवढं अंडं जात नाही, आणि तेही भक्तीमुळे नाही. भांडणामुळे.

भट्टीच्या वर तो उघडा माळ आहे ना, त्याला मुंगुसमाळ म्हणतात. त्यावर मुंगूस औषधालासुद्धा सापडायचं नाही. तेही ह्याच भांडणापायी, असं सांगतात.

ही गोष्ट साहेबाच्या राज्यातली. डोंगरावर तेव्हा नुकते बंगले झाले होते. सायाजी नावाचा आमच्याच गावचा माणूस कुठल्याशा छावणीत खानसाम्याच्या हाताखाली राहून पाव आणि केक शिकून आला, आणि त्यानं ही भट्टी बांधली. भट्टी लावणारा म्हणून लोक त्याला सायाजी भटारी म्हणू लागले. त्याच्या केकची बंगल्यांवर चटक लागली. लाकूड तोडणारे, पाणी भरणारे, डोक्यावरून पाट्या नेणारे, असा निम्मा गाव त्या भट्टीवर जेवू लागला.

केकला अंडी लागत, आणि ती ठमाबाईकडून येत. ठमाबाई आमच्या घराची मूळ बाई. एकटीनं घर चालवणारी, तोंडानं फटकळ, आणि कोंबड्यांवर जीव टाकणारी. तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे इतक्या कोंबड्या होत्या म्हणे.

मग एका वर्षी कोंबड्यांत मर पडली. सकाळी चरायला सोडलेली कोंबडी संध्याकाळी मान टाकायची. गावातली सगळी खुराडी ओस पडली. सगळ्या कुंभळमाथ्यावर एकच ठिपक्यांची कोंबडी उरली, ठमाबाईची. ती उबवायला बसली, खुडूक झाली, तेव्हा ठमाबाईनं साठवलेली अंडी तिच्याखाली मांडली, वर डालगं पालथं घातलं, डालग्यावर दगड ठेवला, आणि भैरोबापुढं जाऊन बोलली, की ह्यातलं एकही अंडं मी खाणार नाही, विकणार नाही. पिल्लं निघतील ती घरोघर वाटीन. गावात कोंबड्यांचं बी पुन्हा धरीन.

एवढंच तिचं मागणं होतं. लोक ठमाबाईला कजाग म्हणतात तेव्हा हे विसरतात, की ती अंडी तिनं स्वतःसाठी ठेवलेलीच नव्हती.

पिल्लं फुटायला चार दिवस उरले असतील, आणि बंगल्यावरून सायाजीला हुकूम आला. मोठा साहेब येतो आहे, मोठा केक पाहिजे, जमत नसेल तर भट्टी दुसऱ्याला देऊ. सायाजी ठमाबाईच्या दारात आला.

"ठमाक्का, तेवढी अंडी दे. भट्टी ग्येली तर गाव उपाशी मरंल."

"ती अंडी न्हाईत आता, सायाजी. आत जीव धरलाय. तुज्या साहेबाला म्हनावं, भाकर खा."

"साहेबाला असं सांगता येतं व्हय?"

"मग मला बरं सांगता येतं."

तो गेला. दुसऱ्या दिवशी ठमाबाई रानात पाचोळा आणायला गेली. परत येऊन बघते तर डालगं जागच्या जागी, वरचा दगड जागच्या जागी, आणि आत कोंबडी मोकळ्या जमिनीवर पंख पसरून बसलेली. एकही अंडं नव्हतं.

आता इथं मला सायाजीचा फार राग येतो, आणि तो चोरीचा नाही. जन्मभर अंडी फोडलेला माणूस. खुडूक कोंबडीखालचं अंडं केकला चालत नाही हे पोरंसोरंही सांगतील. हातात घेतलं तरी वजनावरून कळतं. पण भ्यालेल्या माणसाला हातातलं वजन कळत नाही. त्यानं पहिलं अंडं परातीवर फोडलं आणि आतून पिसं फुटलेलं पिल्लू पडलं. दुसरं तरी बरं निघेल म्हणून त्यानं दुसरं फोडलं. मग तिसरं. असं करत त्यानं सगळी फोडली, असं सांगतात. शेवटचं तर त्याच्या तळहातावर एकदा चिवचिवलं म्हणे, आणि मग गप्प झालं. त्याच्या केकला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. त्यानं ती सगळी भट्टीमागं पुरली.

भैरोबाच्या देवळापुढं गाव बसलं. पाटलानं विचारलं, "सायाजी, अंडी कुठं ग्येली?"

सायाजी म्हणाला, "मुंगसानं खाल्ली."

ठमाबाई म्हणाली, "आनि मुंगसानं डालगं पुन्ना पालथं घातलं? वर धोंडाबी ठिवला?"

सायाजीच्या मनगटावर कोंबडीनं टोचल्याची ताजी जखम होती, ती सगळ्यांनी पाहिली. भट्टीचा चटका बसला, असं तो म्हणाला, आणि तेही गावानं मानलं. आधी पोटोबा, मग विठोबा. भट्टी गेली तर खायचं काय, हे प्रत्येकाच्या डोक्यात होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. कुंभळमाथ्यावर त्या दिवशी राहिलं. पाटलानं निवाडा दिला, मुंगसानं खाल्ली.

त्याच दिवशी माळावरची सगळी मुंगसं डोंगर उतरून गेली आणि परत आली नाहीत, असं जुनी माणसं सांगत. जनावराला खोटा आळ सोसत नाही. माणसं राहिली. ती ठिपक्यांची कोंबडी मोकळ्या जागेवर उबवत बसून मेली. ठमाबाईनं तर निवाड्याच्या वेळीच, देवळापुढं, शब्द टाकला होता, "सायाजी, जवर तू माज्या तोंडावर खरं बोलत न्हाईस, तवर तुज्या पिठात माजी राख."

आणि तिनं तो पाळला. रोज सकाळी ती चुलीतली राख पदरात आणि शिळं आंबट ताक मडक्यात घेऊन भट्टीवर जायची. दारात उभी राहून विचारायची, "अंडी कुठं ग्येली?" तो म्हणायचा, "मुंगसानं खाल्ली." की ती राख त्याच्या काथवटीतल्या पिठावर फेकायची, वर ताक ओतायची, उरलेलं भिंतीवर मारायची, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घरी यायची.

सायाजीचं त्याआधीच वाटोळं झालं होतं. मोठ्या साहेबापुढं गेलेला केक भाकरीसारखा चपटा होता, आणि भट्टी काढून घ्यायची शेवटची ताकीद आली होती. घाटाखालून अंडी मागवली, तर त्याच्या हातून अंडं फुटेना. दुसऱ्या कुणी फोडून दिलं तर भट्टीतून चिवचिव ऐकू यायची आणि माल करपायचा. त्यात ही राख. एका सकाळी बंगल्यावरून आलेला मैदा असाच नासला. टाकावा तर बंगल्यावर जाब द्यावा लागणार. बघतो तर राख आणि ताक जिथं मिसळलं होतं तिथं पिठाला फेस आलेला. त्यानं वरचे कोळसे वेचले, तूप-गूळ घालून मळलं, आणि भीतभीत भट्टीत सारलं. ते फुगलं. अंड्याच्या केकपेक्षा हलकं झालं, असं म्हणतात.

शिव्याशापांनी फुगलेला तो केक बंगल्यावर गेला आणि साहेब लोकांनी बोटं चाटली. मग बिस्किटं झाली, नानकटाई झाली. अंडं न खाणारे लोक घाटाखालून येऊ लागले. भट्टी कधी नव्हती एवढी चालली, आणि ठमाबाईच्या अंगणात पुन्हा कोंबडं आरवलं नाही.

तुम्ही म्हणाल, तिला हे कळलं नाही का. कळलं. कळल्या दिवशीच तिनं जाणं बंद केलं. लगेच भट्टीतला माल बसला. सायाजीनं आपल्या हातानं राख घातली, आपल्या घरचं ताक घातलं, पण पीठ हललं नाही. तेव्हा तो काय करायचा ठाऊक आहे? सकाळी काथवट उचलून तिच्या दारात यायचा, आणि तिनं न विचारताच मोठ्यानं म्हणायचा, "मुंगसानं खाल्ली गं, ठमाक्का." एवढं ऐकलं की तिचा हात आपोआप राखेत जायचा. ती दात-ओठ खायची, स्वतःला शिव्या द्यायची, पण तिचा हात थांबायचा नाही. आमच्या घराण्यात राग गिळायची रीत नाही. असा निर्लज्ज धंदा त्यानं म्हातारा होईपर्यंत केला.

मग सायाजी अंथरुणाला खिळला. भर दुपारी त्याची सून ठमाबाईकडं धावत आली. "मामंजी तुमास्नी बलावत्यात. अंड्यांचं काय ते सांगायचंय म्हंत्यात." ठमाबाईचे केस पांढरे झाले होते, कंबर वाकली होती. हातातलं काम टाकून ती तशीच निघाली. राख घेतली नाही, ताक घेतलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याकडं रिकाम्या हातांनी चालली होती.

सायाजीच्या दारात गाव उभं होतं. पाटील पुढं आला आणि म्हणाला, "ठमाबाई, माघारी फीर. तू त्येचं ऐकलंस तर तुजा राग उतरंल. राग उतरला की राख थांबंल. मग गावानं खायाचं काय?"

ती म्हणाली, "माज्या पिल्लांवर गाव जगलं असतं, ते तुमाला चाललं न्हाई. माज्या रागावर जगायला बरं चालतंय."

पाटलानं हलगीवाल्याला खूण केली. हलगी कडाडली. ठमाबाई बाजूला सरून खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. आत सायाजी तिच्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते. त्यानं हात जोडले तेही तिला दिसले. ऐकू मात्र काहीच आलं नाही. गाव हलगी वाजवत राहिलं, आणि हलगी थांबली तेव्हा सायाजी गेलेला होता.

सुतक फिटल्यावर त्याच्या मुलानं भट्टी पेटवली. ठमाबाई दारात हजर होती, राख घेऊन, ताक घेऊन. "अंडी कुठं ग्येली?" तिनं मुलाला विचारलं. बाप मेला म्हणून प्रश्न मरत नसतो.

तेव्हापासून ही रीत पडली. रोजच्या मालाला आता ताक आणि दुकानातला सोडा चालतो. पण खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली की पहिल्या घाण्याला आमच्या चुलीची राख आणि आमचं ताकच लागतं. आमच्या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई दारात उभी राहून प्रश्न विचारते. सायाजीच्या घरातला कर्ता पुरुष तोंड उघडतो, आणि त्याच क्षणी हलगी कडाडते. तो काय म्हणतो ते कुणाला ऐकू येत नाही. गाव म्हणतं, दरवर्षी तो मुंगसाचंच नाव घेतो. गावाला काय, ते म्हणणारच.

आता भट्टी चालवतो तो रंगनाथ. वाईट मुलगा नाही. माझे गुडघे दुखतात तेव्हा औषध आणून देतो. पण आजच्या दिवशी तो सायाजीच आहे, आणि मी त्याला सोडणार नाही. मागच्या खंडेनवमीला मी विचारलं तेव्हा त्याचे ओठ फार वेळ हलत होते. ‘मुंगसानं खाल्ली’ म्हणायला इतका वेळ लागत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कानाला हात लावला, आणखी एक पाऊल पुढं गेले. हलगीवाल्यांनीही एक पाऊल पुढं टाकलं. मग मी राख फेकली. आणि पीठ फुगलं.

ऐकलं म्हणून मी माफ करीन असं समजू नका. ठमाबाईनं केलं असतं कदाचित, ती त्या दिवशी रिकाम्या हातांनी गेली होती. माझं मन तेवढं मोठं नाही. पण मला ते एकदा ऐकायचं आहे. माझ्या आजेसासूला ऐकायचं होतं, माझ्या सासूला ऐकायचं होतं, त्या दोघी न ऐकताच गेल्या.

उठा आता, मला मडकं उचलू द्या. तुम्ही केक न्यायला पिशव्या घेऊन आला आहात, म्हणजे तुम्हीही हलगीच्याच बाजूचे. आजही मी विचारीन, आजही तो तोंड उघडेल. तेवढ्या वेळात तुमच्यातल्या एकानं जरी जाऊन त्या हलगीवाल्याचा हात धरला, तर मी म्हणेन की या डोंगरावर कुणी माणूस आला होता. पण मग केक मिळणार नाही. बघा, काय ते ठरवा.